बेसच्या पेटीचा ताळेबंद

पेटी म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे हार्मोनियम उभी राहते. गायन पार्टी यायची ती पेटी, ढोलकी, तबला आणि दोन-चार कोरसवाले घेऊन. कव्वालीचा सामना रंगला की पहाट कधी झाली ते कळत नसे. आता पोरांच्या हातात कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आले, गिटार आली. काही ज्येष्ठांना हे खटकते. आम्हाला खटकत नाही. वाद्य कोणत्या देशातून आले यापेक्षा ते कोणाच्या हातात आले हे आम्ही पाहतो. मात्र या नव्या वाद्यांबरोबर एक नवी पेटीही आली आहे. ती वाजवायची नसते, तिच्यातून वाजते. या पेटीसाठी आमच्या वस्तीने वर्गणी काढली, आम्ही तिचा हिशेब ठेवला आणि त्या निमित्ताने चार गोष्टी शिकलो. त्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो तेव्हापासून नावे आणि जमा या दोन रकान्यांबाहेर आमची बुद्धी फारशी फिरकली नाही. संध्याकाळी विहारातली अभ्यासिका उघडायची, कोणाच्या जातीच्या दाखल्याचा, कोणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्यायचा, हे आमचे सामाजिक कार्य. संगीतातले आम्हाला एवढेच कळते की सूर चुकला की डोलणारी मान आपोआप थांबते. तरीही वस्तीतल्या तरुणांच्या गायन मंडळाने खजिनदारपद आमच्या गळ्यात घातले. जमाखर्च लिहिता येतो तो माणूस कुठेही चालतो, असा आपल्याकडे समज आहे.

या मंडळात बेस गिटार वाजवते ती एक मुलगी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील कंत्राटी सफाई कामगार. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन, दोन वर्षे पैसे साठवून तिने एक जुनी बेस गिटार विकत घेतली. चार जाड तारा आणि लांब मान. पोरगी रोज तास-दीड तास सराव करते, बोटांना घट्टे पडले आहेत. पण कार्यक्रमात तिचे वाजवणे कोणाला ऐकूच येत नसे. भाड्याचा साउंडवाला तिची वायर कोपऱ्यातल्या एका लहानशा गिटार अँप्लिफायरला जोडून मोकळा होई. बेससाठी वेगळी पेटी मागितली तर दर कार्यक्रमाला १,५०० रुपये जादा. मग कोणीतरी मावशी विचारी, "ती पोरगी नुसती गिटार धरून उभी असते का हो?" एकदा कार्यक्रमानंतर ती आम्हाला म्हणाली, "काका, उद्यापासून मी टाळ्याच वाजवते. त्या तरी लोकांना ऐकू येतील." हसत म्हणाली, पण ते हसणे आम्हाला बरे वाटले नाही.

म्हणून मंडळाची बैठक घेतली. पोरांचे म्हणणे, पेटी आपणच बनवू. एका निवृत्त गुरुजींनी मात्र सरळ प्रश्न टाकला: "अभ्यासिकेत चार पंखे नाहीत. मुले घामाने भिजत अभ्यास करतात. आणि तुम्ही गाण्याच्या पेटीसाठी वर्गणी काढणार?" प्रश्न खोटा नव्हता. गुरुजींना उडवून लावणे पोरांना सोपे होते, आम्हाला ते जमणारे नव्हते, कारण अभ्यासिकेची किल्ली आमच्याच खिशात असते. शेवटी ठरले ते असे. खर्चाची मर्यादा १८,००० रुपये. त्यापुढे एक रुपया नाही. पेटी झाल्यावर प्रत्येक कार्यक्रमाच्या बिदागीतून भाड्याचे वाचलेले १,५०० रुपये बाजूला काढायचे. पेटीची किंमत वसूल झाली की त्यापुढची सगळी रक्कम पंख्यांची. हिशेब दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर. गुरुजी म्हणाले, "लिहून घ्या." आम्ही लिहून घेतले.

आता आमच्यावर जबाबदारी आली. वर्गणीचा पैसा म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बाईचे पन्नास, रिक्षावाल्याचे शंभर. तो कशावर घालवतो आहोत हे आधी स्वतःला समजले पाहिजे. म्हणून ऑफिस सुटल्यावर आम्ही या विषयाचा अभ्यास सुरू केला.

बेस गिटारचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी वाद्यवृंदात खालचा सूर धरायला माणसाएवढे उंच, उभे धरून वाजवायचे डबल बेस हे वाद्य असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवून वाजवायची विजेवरची प्रिसिजन बेस बाजारात आणली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बेसमन नावाचा खास अँप्लिफायर आणला. म्हणजे ज्याने वाद्य केले त्यालाही वेगळ्या स्पीकरवाचून गत्यंतर नव्हते. १९६९ साली अँपेग कंपनीने तीनशे वॅटचा एसव्हीटी हा अँप्लिफायर आणला, त्याच्या जोडीची पेटी दहा इंची आठ स्पीकरांची. एवढा खटाटोप का करावा लागतो?

कारण खालचा सूर महाग असतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. पुढच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८. यालाच हर्ट्झ म्हणतात. सूर जितका खाली, तितकी स्पीकरच्या कागदी कोनाला जास्त हवा ढकलावी लागते. नियम असा की, तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर कोनाला चौपट अंतर मागे-पुढे व्हावे लागते. लहान गिटार अँप्लिफायरचा स्पीकर एवढा हलायला केलेलाच नसतो. तो बिचारा फडफडतो आणि लोकांना वाटते पोरीला वाजवता येत नाही.

यात थोडा दिलासाही आहे. तार ४१ वेळा थरथरते तेव्हा तिच्याबरोबर ८२, १२३ असे वरचे सूरही निघतात आणि बेस गिटारमध्ये ते चांगले जोरकस असतात. त्यांच्यावरून कान खालचा सूर ओळखतो. त्यामुळे अगदी तळापर्यंत पूर्ण ताकदीने वाजणारी महागडी पेटी लागत नाही. ४५ हर्ट्झच्या आसपासपर्यंत इमानाने वाजणारी पेटी असली तरी चार तारांच्या गिटारचे काम भागते. हे कळल्यावर आमच्या १८,००० रुपयांना जरा धीर आला.

आता पेटीच मुळात कशाला? नुसता उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर बेस जवळजवळ नाहीसा होतो. कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. लांब लहरींचे हे दोन्ही आवाज कडेने वळून एकमेकांना भेटतात आणि वजाबाकी होते. नावेला जेवढे तेवढेच जमेला, बाकी शून्य! पेटी पुढचा आणि मागचा आवाज वेगळा ठेवते, हे तिचे पहिले काम.

पेटीचे दोन मुख्य प्रकार. एक पूर्ण बंद. ती साधी असते, छोट्या चुका पोटात घालते. दुसरी भोकाची, म्हणजे जिच्यात नळी बसवलेली असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमणारा सूर निघतो ना, तोच हा प्रकार. पेटीतली हवा स्प्रिंगसारखी आणि नळीतली हवा वजनासारखी वागते. दोघांचा मिळून एक ठरलेला सूर असतो. त्या सुराच्या आसपास स्पीकरच्या मागचा वाया जाणारा आवाज नळीतून पुढच्या आवाजाच्या मदतीला येतो. तेवढ्याच खर्चात तळाचा आवाज जास्त मिळतो म्हणून आम्ही नळीची पेटी निवडली. पण तिची अट कडक आहे: स्पीकर, पेटीचे आकारमान आणि नळीची लांबी या तिघांचा मेळ बसलाच पाहिजे.

हा मेळ पूर्वी अंदाजाने घालत. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील या अभियंत्याने तो गणिताने मांडला. १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेले. आज जगभरचे चांगले स्पीकर बनवणारे या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे छापतात. आमच्यासारख्याला त्यातले पाच समजले तरी पुरे.

पहिला एफएस: मोकळ्या हवेत स्पीकर कोणत्या सुराला स्वतःहून सर्वांत जास्त डोलतो. दुसरा क्यूटीएस: ते डोलणे किती लवकर आवरले जाते. हा आकडा ०.४ च्या आसपास किंवा थोडा खाली असेल तर स्पीकर नळीच्या पेटीला चांगला. बराच जास्त असेल तर त्याला बंद पेटीत घालावे. तिसरा व्हीएएस: स्पीकरची लवचिकता किती लिटर हवेच्या लवचिकतेइतकी आहे. पेटी केवढी लागेल ते यावरून निघते. चौथा एक्समॅक्स: कोन शुद्ध आवाज देत एका बाजूला किती मिलिमीटर सरकू शकतो. पाचवा संवेदनक्षमता: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो. बाजारात सगळे वॅट विचारतात, हा पाचवा आकडा कोणी विचारत नाही. खरे तर तो तीन डेसिबलने कमी असला की तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात.

एवढी शिदोरी घेऊन आम्ही, ती मुलगी आणि ढोलकीवाला पोरगा असे तिघे एका रविवारी कल्याणहून निघालो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला पोहोचलो. या धंद्यात नुसत्या उघड्या स्पीकरला ड्रायव्हर म्हणतात, हे आम्हाला आधी कळले होते म्हणून बरे. नाहीतर ड्रायव्हर दाखवा म्हणताना आमच्या मनात एस.टी.च आली असती.

पहिल्या दुकानात पंधरा इंची भलाथोरला स्पीकर पुढ्यात आला. मागचे मॅग्नेट उचलताना मनगट दुखावे. वर सोनेरी अक्षरांत "१००० वॅट". किंमत नऊ हजार. ढोलकीवाल्याचे डोळे चमकले. "काका, हजार वॅट! आणि आपल्या बजेटमध्ये!" आम्ही दुकानदाराला विचारले, "हे हजार वॅट सतत चालणारे, की क्षणभराचे?" तो म्हणाला, "साहेब, हजार म्हणजे हजार." मग आम्ही आकड्यांचा कागद मागितला. कागद नव्हता. एफएस विचारले, माहीत नव्हते. संवेदनक्षमता विचारली, तर म्हणाला, "लई लाउड आहे."

वाचकांना नव्वदच्या दशकातले टेपरेकॉर्डर आठवत असतील. मुठीएवढे स्पीकर आणि अंगावर पी.एम.पी.ओ. म्हणून हजारांचा आकडा. त्या आकड्याला मोजमापाचा कोणताही धड नियम नव्हता. सतत चालणारी ताकद वेगळी, गाण्याच्या चढउतारात झेपणारी वेगळी आणि क्षणाच्या ठोक्याला सहन होणारी वेगळी. तिन्ही आकडे वॅटमध्येच छापतात आणि मोठा असतो तोच ठळक छापतात. पगाराच्या चिठ्ठीवर एकूण वेतन पाहून कोणी घर चालवतो का? हातात किती येतात तेच आपण पाहतो.

शिवाय दुसरी बाजूही आहे. मंडळाकडे जुना अँप्लिफायर आहे. तो ४ ओहमच्या स्पीकरला ३०० वॅट आणि ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे १८० वॅट देतो. स्पीकर हजार वॅटचा घेतला म्हणून अँप्लिफायर हजार देणार नाही. स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसतो, किती देतो ते नव्हे. सोसण्याची ताकद विकत घेऊन आवाज मिळत नाही. तो मिळतो कोनाचे क्षेत्रफळ, त्याची हालचाल आणि संवेदनक्षमता यांतून.

तिसऱ्या दुकानात कागद असलेले ड्रायव्हर मिळाले. एमिनन्स, सेलेशन, बी अँड सी अशा परदेशी कंपन्या आपले सगळे आकडे जाहीर करतात. पण बाहेरून आलेल्या मालाची किंमत आमच्या मर्यादेबाहेरची होती. शेवटी दोन बारा इंची, ८ ओहमचे ड्रायव्हर समोर ठेवले. एक ५०० वॅटचा, संवेदनक्षमता ९२. दुसरा ३०० वॅटचा, संवेदनक्षमता ९५. पोरगा पुन्हा पाचशेकडे वळला. आम्ही कागदावर हिशेब मांडला. आपला अँप्लिफायर १८० वॅट देणार. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकदीचा फरक. पाचशेवाल्याला तेवढाच आवाज काढायला ३६० वॅट लागतील, ते आपल्याकडे नाहीत. म्हणजे आपल्या घरात तीनशेवालाच जास्त वाजणार. त्या मुलीने कागद स्वतःकडे ओढून घेतला, दोनदा पाहिला आणि म्हणाली, "काका, हाच." ८,४०० रुपये. एफएस ४५, क्यूटीएस ०.३८, व्हीएएस ९० लिटर, एक्समॅक्स ५ मिलिमीटर.

पंधरा इंची का नको, दहा इंची दोन का नकोत, असे पोरांनी नंतर विचारले. बारा इंची कोनाचे हवा ढकलणारे क्षेत्रफळ सुमारे ५३० चौरस सेंटिमीटर, पंधरा इंचीचे ८५० च्या आसपास, दहा इंची दोनचे मिळून सुमारे ७००. म्हणजे दोन्ही पर्याय ताकदीने वरचढ. पण चांगला पंधरा इंची मर्यादेत बसत नव्हता आणि दहा इंची दोन घ्यायचे तर प्रत्येकाला चार हजारच उरत होते. शिवाय आमची पेटी रिक्षात बसली पाहिजे. दोनशे माणसांच्या सभागृहाला आणि गल्लीतल्या मंडपाला एक बारा इंची पुरतो. पुढे ऐपत आली तर अशीच दुसरी पेटी जोडता येईल. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात आणि आमचा अँप्लिफायर ते पेलतो. त्याहून खाली मात्र जायचे नाही, अँप्लिफायर जळतो.

अभ्यासिकेतल्या संगणकावर पोरांनी विनआयएसडी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. आम्ही तोच हिशेब कॅल्क्युलेटरवर केला. दोन्हींचे उत्तर जुळले: निव्वळ ८५ लिटरची पेटी आणि नळीचा सूर ४५ हर्ट्झ. नळीसाठी प्लंबरकडचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घेतला, आतला व्यास सुमारे १०४. असे दोन तुकडे, प्रत्येकी २२ ते २३ सेंटिमीटर. एकच बारीक नळी लावली असती तर तिच्यातून वारा फूत्कार टाकतो, म्हणून दोन.

पेटीची आतली मापे ४५ रुंद, ६० उंच, ३४ खोल, सगळी सेंटिमीटरमध्ये. गुणाकार केला की ९१.८ लिटर. त्यातून ड्रायव्हर, नळ्या आणि आतला आधार यांची जागा जवळपास ७ लिटर वजा केली की ८५ उरतात. कारकुनाला वजावट शिकवावी लागत नाही!

सुतारकाम वस्तीतल्या मिस्त्रींनी केले. १८ मिलिमीटरची, आयएस ७१० छापाची मरीन प्लाय घेतली. पावसाळी मंडपात जाणारी वस्तू आहे, स्वस्तातली फळी ओल लागली की पापुद्रे सोडते. सांध्यांना भरपूर फेव्हिकॉल आणि दर सहा इंचांवर स्क्रू. पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये एक आडवा लाकडी आधार, कारण फळी स्वतःच थरथरू लागली तर ती आवाज खाते. मिस्त्री म्हणाले, "साहेब, पेटी बनवतोय का तिजोरी?" आम्ही म्हटले, "लोकांची वर्गणी आहे, तिजोरीच समजा." आतून बाजूंच्या आणि मागच्या फळीला जाड फेल्ट ठोकले. नळ्यांची तोंडे मात्र मोकळी ठेवली, आणि नळीच्या आतल्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत नळीच्या व्यासाएवढी तरी जागा सोडली. ड्रायव्हर पुढून बसवला, खाली फोमची पट्टी, म्हणजे कुठून हवा गळू नये. मागे स्पीकॉनचे सॉकेट. वायर जाड, तांब्याची. गिटारची बारीक वायर इथे चालत नाही, ती तापते.

कोणते टोक अधिक आणि कोणते उणे याची खात्री करायची युक्ती सोपी आहे. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवायचा. अधिकला अधिक जोडले असेल तर कोन बाहेर येतो. उद्या दुसरी पेटी जोडली आणि एकीचा कोन बाहेर येताना दुसरीचा आत गेला, तर पुन्हा तीच वजाबाकी.

मग परीक्षा. नळ्या मुद्दाम २५ सेंटिमीटर ठेवल्या होत्या, कारण पाईप कापून कमी करता येतो, वाढवता येत नाही. मोबाईलवरून एकच सूर वाजवणारे ॲप घेतले, हळू आवाजात ६० हर्ट्झपासून खाली खाली यायला लागलो. कोन जोरात हलत होता. खाली येता येता ४३-४४ च्या आसपास तो जवळजवळ स्तब्ध झाला आणि नळीच्या तोंडाशी धरलेली कागदाची पट्टी फडफडू लागली. आवाज चालू, स्पीकर गप्प, हवा बोलते आहे! बारकी पोरे नळीपाशी हात धरून ओरडायला लागली. नळ्यांचे दोन-दोन सेंटिमीटर कापले आणि तो स्तब्धतेचा सूर ४५ वर आला. गणित कागदावरून उठून असे समोर उभे राहिलेले आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिले. आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात ताळेबंद जुळायचा, पण त्यातून वारा कधी आला नव्हता.

इथे एक सावधगिरी सांगतो. ४५ च्या बराच खाली सूर गेला की नळीची पेटी कोनाला आवर घालत नाही, तो मोकाट हलतो आणि कॉईल आपटून खराब होते. म्हणून पाच तारांची बेस, जिची जाड तार ३१ हर्ट्झवर असते, ती या पेटीला जोरात लावू नये. आणि अँप्लिफायरवरचे बेसचे बटण शेवटपर्यंत पिळू नये. सहा डेसिबल वाढवले की चौपट वॅट खर्च होतात. त्यापेक्षा पेटी जमिनीवर, भिंतीजवळ ठेवावी. भिंत आणि जमीन खालचा आवाज फुकट वाढवतात.

आवाज वाढवणे हा आमचा हेतूही नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला एरवी बंदी आहे. खालचा सूर भिंतींतून आरपार जातो. शेजारी आजारी माणूस आहे, परीक्षेचा विद्यार्थी आहे. डीजेच्या भिंती उभ्या करून छाती धडधडवणे वेगळे आणि गाण्याखाली जमीन घालून देणे वेगळे. बेसचे काम दुसरे आहे. ढोलकी आणि गायक यांच्यामध्ये ती सतरंजी अंथरते.

आता हिशेब. फळी ३,८००. ड्रायव्हर ८,४००. पाईप, स्क्रू, गोंद, फेल्ट ६५०. सॉकेट आणि वायर ५५०. लोखंडी कोपरे, हँडल, जाळी आणि रंग १,७००. मिस्त्रींची मजुरी २,०००. त्यांनी निम्मीच घेतली, बाकीची वर्गणी समजा म्हणाले. एकूण १७,१००. शिल्लक ९००. सगळ्या पावत्या फाईलला.

१४ एप्रिल २०२४ च्या जयंतीला ती पेटी पहिल्यांदा मंडपात वाजली. पहिल्या गाण्याचे कडवे संपून धृपदावर येताना मुलीने जाड तारेवरून वरच्या तारेपर्यंत चार सुरांची एक चढण घेतली, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी गायकावरून नजर काढून तिच्याकडे पाहिले. तिचे वडील मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. ते काही बोलले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर पेटी उचलायला मात्र सर्वांत आधी तेच पुढे आले. पंचवीस-एक किलो वजन, पण दुसऱ्याला हात लावू दिला नाही.

गुंतवणूक वसूल व्हायला १,५०० रुपयांप्रमाणे बारा कार्यक्रम लागणार होते. बारावा कार्यक्रम झाला त्या दिवशी आम्ही फळ्यावर लिहिले, "पेटी वसूल." चौदाव्या कार्यक्रमानंतर वरचे ३,९०० आणि आधीची ९०० शिल्लक मिळून ४,८०० झाले. त्यात अभ्यासिकेला दोन पंखे बसले. गुरुजींनी बटण दाबून पाहिले आणि म्हणाले, "अजून दोन बाकी आहेत." आम्ही म्हटले, "वहीत आहेत, गुरुजी."

ज्या मंडळांना अशी पेटी करायची असेल त्यांना आमचे एकच सांगणे. आमची मापे तशीच उचलू नका. तुमचा ड्रायव्हर वेगळा असेल तर पेटीही वेगळी लागेल. आधी अँप्लिफायर किती ओहमला किती वॅट देतो ते पाहा, मग आकड्यांचा कागद असलेला ड्रायव्हर घ्या, मग त्या आकड्यांवरून पेटी काढा, आणि करवत सर्वांत शेवटी हातात घ्या. दुकानदाराने कागद नाही म्हटले तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. लोकांचा पैसा घेऊन बाजारात उभे राहणाऱ्याने एवढे तरी विचारलेच पाहिजे, आणि ते विचारायला कोणतीही पदवी लागत नाही. त्या रविवारनंतर ढोलकीवाला पोरगा परवा घरी मिक्सर घ्यायला गेला होता. दुकानातून त्याचा आम्हाला फोन आला: "काका, यावर ७५० वॅट लिहिलंय. हे सतत चालणारे, की क्षणभराचे?"